पहिला हात

मुक्ताई बसल्याशिवाय रांग बसत नसे, आणि मुक्ताई उठल्याशिवाय रांग उठत नसे. पुण्यात मार्केट यार्डाच्या मागे, बिबवेवाडीच्या तोंडाशी तात्यारावांचं डाळिंबाचं गोदाम होतं. तिथे फळं निवडणाऱ्या बायकांच्या या रांगेला नियम म्हणाल तर एवढा एकच, आणि तोही कुणी भिंतीवर लिहिलेला नव्हता.

थंडीच्या दिवसांत सकाळी गोदामाची फरशी अशी गार असायची की पाय ठेवला की पोटऱ्यांपर्यंत कळ जावी. बायका टेकडीवरच्या खोल्यांमधून स्वेटरवर साडी, साडीवर मफलर अशा गुंडाळून यायच्या, बारदानं अंथरायच्या आणि उभ्याच राहायच्या. मग मुक्ताई एक गुडघा उभा, एक आडवा अशी ऐसपैस बसायची. पुढ्यातल्या क्रेटमधलं एक डाळिंब उचलायची, पदरानं पुसायची, तळहातावर पूर्ण फिरवून बघायची, कपाळाला लावायची आणि उजवीकडे ठेवायची. ते ठेवलं की सगळ्या रांगेचे हात सुरू. हंगामाच्या पहिल्या दिवशी तर खुद्द तात्याराव पहिला क्रेट स्वतः उचलून तिच्यापुढे ठेवायचे. त्याला सगळे पहिला हात म्हणायचे. पहिला हात मुक्ताईचा, मग बाकीच्यांचे.

राधा तिची सून. रांगेत तिची जागा मुक्ताईच्या शेजारी. वाशीमकडून दिवाळीनंतर यायचं, हंगाम संपला की परत जायचं, असं त्यांचं कितीतरी वर्षं चाललं होतं. नवरा बजरंग यार्डात हमाली करायचा, पण एकट्याच्या पाठीवर खोलीचं भाडं निघत नसे. म्हणून हंगाम संपला की सगळं बिऱ्हाड पुन्हा गावी. भांडी, गोधड्या, लेकीची, पूर्वाची पुस्तकं, सगळं दोन पोत्यांत कोंबायचं आणि एका जाड सुती दोरानं करकचून बांधायचं. तो दोर दाराच्या मागे खिळ्याला टांगलेला असायचा. पूर्वा लहान होती तेव्हा त्याच्यावर झोका घ्यायची. आता ती नववीत होती आणि त्या दोराकडे बघायचीसुद्धा नाही.

यंदा दिवाळीतच पाऊस कोसळला. बागांवर तेल्या पडला. फळावर काळे तेलकट डाग, डागांना चिरा. ट्रक येईनात. आले तरी अर्धा माल फेकण्याच्या लायकीचा. बायका दुपारीच रिकाम्या होऊन एकमेकींच्या उवा बघत बसायला लागल्या. तात्याराव रोज केबिनच्या दारात येऊन आकाशाकडे असे बघायचे, की जणू ढगांकडे त्यांची उधारी आहे.

आणि मग त्यांनी मशीन आणलं.

लांबलचक हिरवं मशीन. एका टोकाला पट्टा, पुढे रोलर, रोलरखाली खण. पट्ट्यावरून फळ जाताना डागाळलेलं बाजूला करायचं, बाकीचं मशीन आपोआप लहान-मोठं करून खणात टाकणार. डाळिंब संपलं की संत्री, संत्री संपली की मोसंबी. गोदाम बारा महिने चालणार. गुरुजी आले, नारळ फुटला, झेंडूची माळ चढली, पेढे वाटले. मशीन शिकवायला वारज्याहून अनिरुद्ध नावाचा मुलगा आला होता. इस्त्रीचा शर्ट, बोलणं एकदम गोड. त्यानं उत्साहाच्या भरात क्रेटमधलं एक डाळिंब घेतलं आणि पट्ट्यावर ठेवलं. डाळिंब गडगडत गेलं आणि टप्पकन खणात पडलं. तात्यारावांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाले.

रांग बसल्या जागेवरून बघत होती. राधानं शेजारी पाहिलं. मुक्ताईच्या हातात एक पुसलेलं डाळिंब होतं आणि ते हातातच राहिलं होतं.

अनिरुद्धनं सगळ्यांना समजावून सांगितलं. रोज जेवणानंतर प्रशिक्षण, आठवडाभर. रोजाला हात लागणार नाही. ज्या शिकतील त्यांना वर्षभर काम. मग तो मुक्ताईपाशी आला, वाकला आणि अगदी घरच्या आजीशी बोलावं तसं म्हणाला, "आजी, तुम्ही नाही आलात तरी चालेल हं. तुम्ही आराम करा."

बिचारा मनापासून म्हणाला. पण त्या एका वाक्यानं सगळी रांग फरशीला चिकटली.

जेवणं झाली. अनिरुद्ध मशीनपाशी उभा राहिला. एकही बाई उठली नाही. त्यानं पुन्हा बोलावलं. एकीनं सांगितलं पाय दुखतो, दुसरीनं सांगितलं तिला पट्टा बघून गरगरतं, तिसरी म्हणाली नवऱ्याला विचारून सांगते. रांगेत दीपमाला होती. टेम्पोच्या दारात सापडून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली होती. ती तर बारदानाचा दोरा उसवत खालीच बघत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. अनिरुद्ध एकटाच मशीन चालू करायचा आणि बंद करायचा.

तात्याराव सदाशिव पेठेतले. तोंड उघडलं की समोरच्याला ओरखडा निघायचाच. ते म्हणाले, "छान. मशीनला कंटाळा येऊ नये म्हणून ठेवलाय का हा मुलगा?" मग आवाज न चढवता त्यांनी सांगून टाकलं की शनिवारपर्यंत कुणी शिकलं नाही तर सोमवारी बाहेरून शिकलेली पोरं येतील आणि रांगेनं आपापली बारदानं घरी न्यावीत.

संध्याकाळी राधा भाकरी थापत होती आणि पूर्वा उंबऱ्यावर पाय सोडून बसली होती. शाळेत बाईंनी तिला विचारलं होतं, पुढच्या वर्षी दहावी, मधेच गावी जाणार असशील तर आत्ताच सांग. पूर्वानं काहीच सांगितलं नव्हतं. तिनं आईला मशीनबद्दल सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "मम्मी, सिंपल आहे. तू शीक ना. प्रॉब्लेम काय आहे?"

राधानं चुलीवरून मान वळवून मुक्ताईकडे बघितलं. मुक्ताई भिंतीला टेकून गुडघ्याला तेल चोळत होती. बजरंग जेवायला बसला होता, त्याच्याकडून काही निघणार नव्हतं. माय म्हणेल तसं, हे त्याचं ठरलेलं उत्तर. शेवटी राधाच बोलली, की आत्याबाई, तुम्ही एकदा उठल्या तर सगळ्या उठतील.

मुक्ताईनं तेलाची बाटली बंद केली. "शेठनं टोप्या देल्ल्या तवा तू गावी होती," ती म्हणाली. "आमाले बोलावलं. टोप्या घातल्या, हातमोजे देल्ले, हात कसे धुवाचे ते शिकवलं. वरून केळं देल्लं. आमी म्हटलं, बरं हाय. आठ दिसानं चौघीले सांगितलं, उद्यापासून येऊ नका. कोन्त्या चौघी? ज्यायचे हात त्या दिवशी थरथरले, त्याच."

राधाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"आपन निवडनाऱ्या बाया," मुक्ताई म्हणाली. "निवडनाऱ्यानं फळ हातात घेऊन फिरवलं का काय होते, हे आपल्याले कोनी सांगाव लागते का? आज आपन फिरवतो, उद्या आपल्याले फिरवतीन. दीपमालेचं काय होईन?"

"आन पूर्वाचं?" राधा म्हणाली.

मुक्ताई गुडघा चोळत राहिली. दाराच्या मागे दोर लटकत होता. भाकरी एका बाजूनं करपली, ती बजरंगनं मुकाट्यानं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर राधा उठली. एकटी. उठताना गुडघा एवढा मोठ्यानं वाजला की तिला वाटलं, सगळ्या गोदामानं ऐकला. कुणी मान वर केली नाही. मशीनपर्यंतची ती फरशी तिला यार्डाच्या मोठ्या रस्त्याएवढी रुंद वाटली. अनिरुद्ध मात्र असा खुलला की जणू त्याच्या घरी पाहुणे आले. हे हिरवं बटण, हे लाल, हे चाक फिरवलं की पट्टा हळू होतो. राधाला ते पटापट कळत गेलं आणि कळतंय याची गंमतही वाटायला लागली. चाक फिरवलं की एवढं मोठं धूड मांजरासारखं हळू व्हायचं. तिनं डागाळलेलं फळ उचललं, टाकलं, पुढचं उचललं. पण पट्टा एकटीसाठी बनवलेलाच नव्हता. ती इकडचं उचलेपर्यंत तिकडची चार पुढे निसटायची. शेवटच्या खणात फळांचा ढीग झाला, ढीग काठावरून सांडला आणि डाळिंबं टणाटण उड्या मारत फरशीवरून सुटली. पार रांगेपर्यंत गेली. दीपमालेनं पायाशी आलेलं एक उचललं, पुसलं आणि ठेवून दिलं. कुणी हसलंसुद्धा नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एकटीनं नाही होणार हो हे," अनिरुद्ध हिरमुसून म्हणाला. "दोन्ही बाजूंनी बायका लागतात."

केबिनच्या दारातून तात्याराव म्हणाले, "वा. एक फलंदाज आणि बाकी सगळे प्रेक्षक."

राधा परत आली तर तिची जागा नव्हती. मुक्ताईच्या शेजारी दीपमाला सरकली होती, दीपमालेच्या जागी पुढची, अशी सगळी रांग सरकून गच्च झाली होती. राधाचं बारदान घडी घालून अगदी शेवटाला, पाण्याच्या नळापाशी ठेवलेलं होतं. तिथे फरशी कायम ओली. ती बसली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं खांद्याला पुसलं, कारण हातांना डाळिंबाचे डाग होते. चहा आला तेव्हा कप हातोहात शेवटपर्यंत आला, पण तिच्याकडे देताना शेजारणीनं तोंड फिरवलं.

मात्र शेवटाला बसलं की एक होतं. सगळी रांग दिसायची.

राधा इतकी वर्षं मुक्ताईच्या कुशीत बसली होती, तिला फक्त स्वतःचे हात दिसायचे. आज तिला सगळ्यांचे दिसले. दीपमालेचा क्रेट कधी भरत नव्हता. तिची ताठ बोटं फळाभोवती वळायचीच नाहीत, दोन्ही हातांत धरून तिला ते फिरवावं लागायचं. पण मुक्ताई बोलता बोलता एक फळ आपल्याकडचं तिच्या क्रेटमध्ये ठेवायची. पलीकडची एक ठेवायची. कुणी बघायचं नाही, कुणी बोलायचं नाही. संध्याकाळी क्रेट उचलले जायचे ते रांगेचे म्हणून, कुण्या एकीचे म्हणून नाही. तात्यारावांना एवढ्या वर्षांत दीपमालेची बोटं दिसलीच नव्हती, कारण रांगेनं ती दिसू दिली नव्हती.

मशीनपाशी प्रत्येकीला उभं राहायचं होतं आणि प्रत्येकीच्या पुढ्यात नुसता उघडा पट्टा.

राधा मनातल्या मनात म्हणाली, असं आहे होय. आणि गंमत म्हणजे तिचं रडू तिथेच थांबलं. अडचण काय आहे ते कळलं की माणसाला कसा हुरूप येतो, तसा तिला आला. ती उठली, नळाखाली हात खसाखसा धुतले आणि थेट केबिनमध्ये गेली. आत जायला तिनं विचारलंसुद्धा नाही.

तात्यारावांनी चष्म्यावरून बघितलं. "बोला."

"शेठ, बाया मशीनला घाबरत नाहीत."

"मग काय, मशीन बायांना घाबरतं?"

"तुम्हाला घाबरतात," राधा म्हणाली. "टोप्यांच्या वेळी चौघींना काढलं."

तात्यारावांनी चष्मा काढून पुसला. आठवायला वेळ लागला की बोलायला, ते कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं की त्या वर्षी मालच नव्हता, टोप्यांचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता.

"हे त्यांना तेव्हा सांगितलं का?"

"आता मी येणाऱ्याजाणाऱ्याला खुलासे देत बसू? पत्रिका छापू का?"

"पत्रिका नको," राधा म्हणाली. तिचा आवाज स्वतःलाच नवा वाटत होता, पण छान वाटत होता. "शिकताना जिचा हात चुकेल तिला काढणार नाही, एवढं रांगेसमोर येऊन सांगा. आणि प्रशिक्षण चालू असेपर्यंत तुम्ही तिकडे बघायचं नाही. केबिनमध्ये बसायचं, पडदा लावून."

"माझ्याच गोदामात मी कुठे बसायचं ते तुम्ही सांगणार."

"तेवढाच आठवडा."

तात्यारावांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू म्हणण्याइतकं ते मोठं नव्हतं. "अजून काही? की झाली यादी?"

"पहिला हात," राधा म्हणाली. "हंगामाला मुक्ताईचा असतो. मशीनला का नव्हता?"

यावर मात्र त्यांनी काचेकडे मान वळवली. काचेतून मशीन दिसत होतं आणि त्याच्यावरची झेंडूची माळ वाळून तपकिरी झाली होती. राधा बाहेर आली आणि नळापाशी जाऊन बसली. आता दोन फळं तिच्या हातातून निसटली.

संध्याकाळपर्यंत केबिनचं दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. राधाला वाटलं, झालं, आपल्या तोंडानं आपणच घालवलं. पूर्वाला काय सांगायचं याची ती जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात जेवणं आटोपली आणि तात्याराव बाहेर आले.

ते बारदानाच्या काठापाशी थांबले. रांगेच्या बारदानावर कुणी चपलेनं येत नसे. तात्यारावांनी बूट काढले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते सगळ्यांनी बघितलं आणि कुणीच बघितलं नाही. त्यांच्या हातात एक क्रेट होता. तो त्यांनी मुक्ताईपुढे ठेवला.

"शिकताना चुकलं म्हणून कुणाला काढणार नाही," ते रांगेकडे बघून म्हणाले. "मागच्या वेळी माल नव्हता म्हणून काढलं होतं. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही." एवढं बोलायलाही त्यांना दम लागल्यासारखं झालं. मग ते मुक्ताईला म्हणाले, "मशीनला पहिला हात राहिलाय. तुम्ही लावता का?"

मुक्ताईनं क्रेटकडे बघितलं, तात्यारावांकडे बघितलं, आणि मग सावकाश मान वळवून अनिरुद्धकडे. "शेठ, मले तं या पोरानं आराम सांगितला हाय."

अनिरुद्धचे कान लाल झाले. "चुकलं माझं, आजी."

"चुकलं तं बसाले काही दे. उभ्यानं आमी लगनातच राहतो, ते बी अक्षता पडेस्तोवर."

रांग हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि एकदा सुरू झाली ती थांबेचना. अनिरुद्ध धावत जाऊन रिकामे क्रेट घेऊन आला आणि पालथे घातले. मुक्ताई फरशीला हात टेकून उठली. आणि मग सगळी रांग उठली, कटाकट गुडघे वाजवत.

मुक्ताईनं डाळिंब पदरानं पुसलं, फिरवून बघितलं, कपाळाला लावलं आणि पट्ट्यावर ठेवलं. राधानं हिरवं बटण दाबलं.

तात्यारावांनी बूट हातात घेतले, तसेच केबिनमध्ये गेले आणि पडदा ओढला.

सगळं लगेच जमलं असं अजिबात नाही. पहिला खोळंबा मुक्ताईनंच केला. फळ समोर आलं की ती उचलायची, तळहातावर पूर्ण फिरवायची, कपाळाला लावता लावता राहायची आणि मग ठेवायची. तोवर मागे फळांची गर्दी व्हायची. राधा लाल बटण दाबायची. अनिरुद्ध सांगायचा, आजी, उचलू नका, रोलरवर फळ आपोआप फिरतं, तुम्ही फक्त बघा. मुक्ताई म्हणायची, हो. आणि पुन्हा उचलायची. जन्मभराचा हात तो, एका दुपारीत कसा ऐकणार. बायका चोरून पडद्याकडे बघायच्या. पडदा हलला नाही.

आणि दीपमाला. तिला काही उचलायचंच नव्हतं. डागाळलेलं फळ आलं की तिनं ताठ बोटांनी एक टिचकी दिल्यासारखा धक्का द्यायचा, की ते गेलं बाजूच्या खणात. धक्का, खण. धक्का, खण. न वळणारी बोटं तिथे पट्टीसारखी चालत होती. पहिल्यांदा तिचं तिलाच कळलं नाही. मग कळलं आणि तिनं असं घाबरून आजूबाजूला बघितलं, जणू कुणाचं तरी काम हिसकावलं.

मुक्ताई बराच वेळ तिच्या हाताकडे बघत राहिली. पट्ट्याच्या तोंडाशी पहिली जागा मुक्ताईची होती, तिथे सगळ्यात आधी फळ यायचं. ती उठली, आपला क्रेट उचलला आणि दीपमालेच्या पलीकडे नेऊन ठेवला.

"तू पुढं बस," ती म्हणाली. "माह्यासाठी डागाचे जरा कमी ठेव."

दीपमाला नाही नाही म्हणत राहिली. पट्टा चालूच होता, त्यामुळे तिला बसावंच लागलं. राधानं चाक थोडं फिरवलं, पट्टा अजून हळू केला, दोघींना पुरेल इतका.

शनिवारी तात्याराव पडदा सारून बाहेर आले. मशीन चालू होतं, खण नीट भरत होते, फरशीवर एकही फळ नव्हतं. ते सगळीकडून एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "बाहेरच्या पोरांना नाही म्हणून कळवतो. उगाच आपली त्यांची निराशा." मग राधाला म्हणाले की बटणाचं काम तिच्याकडेच राहील, संत्र्यांनाही आणि मोसंबीलाही. पण मशीन एकटं चालत नाही, बाकीच्या येणार आहेत का वर्षभर, हे त्यांनी तिलाच विचारायला सांगितलं. राधा मुक्ताईकडे वळली. मुक्ताई म्हणाली, घरी जाऊन बघते.

घरी जाऊन बघते म्हणजे काय, हे राधाला विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ती बजरंगबरोबर बाजार घेऊन चढ चढत आली. खोलीत शिरली, पिशवी टेकवली आणि तिची नजर दाराच्या मागे गेली. खिळा रिकामा होता. दोर नव्हता. पोती बांधायला काढली म्हातारीनं. एकट्या सुनेला ठेवून ती जाणार नाही, म्हणजे सगळेच निघाले. ती तशीच मागच्या दारानं बाहेर गेली.

बोळात ऊन आलं होतं. मुक्ताई विळीवर पाय देऊन बसली होती आणि तो जाड दोर विळीच्या पात्यावर धरून कापत होती. दोराचे हातभर लांबीचे तुकडे बाजूला पडले होते. पुढ्यात गोदामातले मोडके क्रेट पालथे मांडलेले, त्यांच्यावर घडी घातलेली बारदानं, आणि पूर्वा एका क्रेटवर बारदान दाबून धरून गाठ मारत होती. दोन बैठका तयार होऊन भिंतीला लावलेल्या होत्या. आता उरलेल्या दोरात गोधडीसुद्धा बांधता आली नसती.

राधा बघत राहिली. मुक्ताईनं वर पाहिलं नाही.

"कडक धर," ती पूर्वाला म्हणाली. "सोमवारी संत्री येणार हायेत. दिवसभर बसाव लागते."

राधानं पदर खोचला आणि गाठीचं दुसरं टोक धरून ओढलं.